अधिकृत द्विभाषिकता (कॅनडा)

कॅनडाच्या संघीय कारभारात इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना समान दर्जा देणारी घटनात्मक व्यवस्था. दोन्ही भाषा येण्याचे बंधन येथे नागरिकावर नाही, शासनावर आहे; संसद, संघीय न्यायालये आणि संघीय खात्यांची मुख्य कार्यालये यांच्याशी नागरिकाने आपल्या भाषेत बोलावे व उत्तरही त्याच भाषेत मिळावे, हा तिचा गाभा होय. हे ध्यानात घेतले नाही, तर २०२१ च्या जनगणनेत जेमतेम १८ टक्के लोक दोन्ही भाषा बोलू शकत होते, हा आकडा उगाच अपयशाचा वाटतो.

१८६७ च्या घटनाकायद्यातील १३३ व्या कलमाने ही मुभा संघीय संसद व क्वेबेक या फ्रेंचबहुल प्रांताचे विधिमंडळ आणि त्यांची न्यायालये यांपुरतीच दिली होती. १९६० नंतर क्वेबेकमध्ये असंतोष वाढला, तेव्हा १९६३ मध्ये लोरांदो-डंटन आयोग नेमण्यात आला आणि त्यातून पंतप्रधान पिअर ट्रूडो यांच्या काळातील १९६९ चा अधिकृत भाषा कायदा आला. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने त्याला घटनेचे बळ दिले. प्रांतांना मात्र हे धोरण आपोआप लागू होत नाही : दोन अधिकृत भाषांचा प्रांत न्यू ब्रन्सविक हा एकच, तर क्वेबेकची अधिकृत भाषा १९७४ पासून केवळ फ्रेंच आहे.

कागदावरचा हक्क किती सहज पुसला जातो, हे मॅनिटोबात दिसले. १८७० मध्ये दोन्ही भाषांच्या हमीवर स्थापन झालेल्या या प्रांताने १८९० मध्ये कायदे व न्यायालयांतून फ्रेंच काढून टाकली. १९७६ मध्ये सेंट बोनिफेस या फ्रेंचभाषक वस्तीतील जॉर्ज फॉरेस्ट यांच्या हाती वाहन उभे करण्याबाबतच्या दंडाची पावती पडली, ती फक्त इंग्रजीत. ते न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा कायदा घटनाबाह्य ठरविला. १९८५ मध्ये तर केवळ इंग्रजीत केलेले प्रांताचे सर्व कायदे अवैध ठरले. अराजक माजू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू ठेवण्यात आले.

सनदेतील सर्वांत दूरगामी कलम बहुधा २३ वे. आपल्या प्रांतात अल्पसंख्य असलेल्या इंग्रजी वा फ्रेंच भाषक पालकांना, मुलांची संख्या पुरेशी असेल तेथे, मुलांना आपल्या भाषेत सरकारी खर्चाने शिकविण्याचा हक्क ते देते. एडमंटनच्या फ्रेंचभाषक पालकांच्या दाव्यात १९९० मध्ये न्यायालयाने या हक्कात शाळेच्या कारभारातील वाटाही अंतर्भूत मानला. मूलनिवासींच्या भाषा या चौकटीबाहेरच राहिल्या, आणि त्यांच्यासाठीचा स्वतंत्र संघीय कायदा २०१९ मध्ये झाला.