गिटारचा ‘टण्’ कापला की

वडगावात आमच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट. त्यामुळे भाच्यानं इलेक्ट्रिक गिटारचे सूर घरीच रेकॉर्ड करायचं काढलं, तेव्हा हे काही जमायचं नाही असं मला वाटलं होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये मागाचा आवाज नावालाही नव्हता. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांचा सूर टिपणाऱ्या भागाला, हवेतला आवाज जवळजवळ कळतच नाही. चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलं ते हेच.

आला तो भलताच आवाज: घरातल्या वायरिंगचा, ५० हर्ट्झचा गूं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, म्हणजे ५० चा गूं खालून छाटता येतो. पण त्याच्या पटीतले १००, १५० हर्ट्झ थेट सुरांतच मिसळतात. शेवटी दोन उलट गुंडाळ्यांचा पिकअप असलेली गिटार मागून आणली. गुंडाळ्या एकमेकींचा गूं खोडतात, तारेचा सूर मात्र राहतो.

हा खटाटोप सॅम्पल वाद्यासाठी. एकेक सूर रेकॉर्ड करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचा. एकच सूर घेऊन बाकीचे त्यातून का काढू नयेत? काढता येतात, पण दुप्पट वेगानं वाजवून वरचं सप्तक गाठलं की चार सेकंदांचा सूर दोनच सेकंदांत संपतो आणि आवाज चिरका होतो. हार्मोनियममध्ये प्रत्येक पट्टीला स्वतःची रीड असते. इथंही दर दोन-तीन पट्ट्यांना स्वतःचं रेकॉर्डिंग दिलेलं बरं. शिवाय तोच सूर हळू, मध्यम, जोरात छेडून आणि प्रत्येक तऱ्हेनं तीन-चारदा. भजनात टाळाचे दोन ठोके कधी हुबेहूब सारखे पडत नाहीत. कॉम्प्युटर तेच सॅम्पल पुन्हापुन्हा वाजवू लागला की कानाला ते लगेच खुपतं.

खरी गंमत पुढे आहे, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. वाद्य कुठलं हे आपला कान बऱ्याच अंशी सुराच्या सुरुवातीच्या क्षणावरून ओळखतो. पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफरनं १९४८ मध्ये घंटेच्या रेकॉर्डिंगमधून नुसता ठोका काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटेना. भाच्यानं तेच केलं. नखीचा ‘टण्’ कापला, सूर हळूहळू उमलेल असा केला. मग डिस्टॉर्शन चढवलं. त्यात लहरीचे माथे कापले जातात, आणि प्रत्येक कापलेला माथा मूळ सुराच्या पटीतले नवे सूर जन्माला घालतो. आवाज दाट होतो. शेवटी दगडी देवळातल्या एका टाळीचं रेकॉर्डिंग घेतलं. त्या टाळीच्या घुमण्यात देवळाच्या भिंतींचा सगळा हिशेब असतो. गणितानं तो गिटारच्या सुरावर बसवला, की सूर त्या गाभाऱ्यात वाजल्यासारखा येतो.

गुरुवारी आमच्या भजनी मंडळातले एक आजोबा आले होते. भाच्यानं कीबोर्डवर भूप धरला. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले.

“सारंगी काय वो ही?”

“गिटार आहे, आजोबा.”

ते उठले, कोपऱ्यातल्या गिटारची जाड तार त्यांनी बोटानं छेडली, आणि भाच्याला म्हणाले, “आता परत वाजीव बघू.”