पार्श्वभूमी : संगणकवाल्यांची सोसायटी

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीची पगाराची स्लिप काढून बघा. कपातीच्या रकान्यात 'पी.टी.'चे, म्हणजे प्रोफेशनल टॅक्सचे, २०० रुपये असतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० भरले की विषय संपतो. ज्या कायद्याखाली हे पैसे जातात त्याचं नाव सहसा कुणी पूर्ण वाचत नाही : व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा १९७५ चा महाराष्ट्राचा अधिनियम. व्यवसाय वेगळा, व्यापार वेगळा आणि नोकरी वेगळी, हे कायद्याला तेव्हाच ठाऊक होतं. सॉफ्टवेअरवाल्याचे दोनशे रुपये जातात ते नोकरीच्या खात्यावर. लिंक्डइनवर तो स्वतःला 'प्रोफेशनल' म्हणवून घेतो, सरकारदरबारी तो नोकरदार असतो.

याच घोळात आपला विषय अडकतो. 'प्रोफेशनल सोसायटी' मराठीत सांगायला गेलं की पहिला शब्द हाताशी येतो 'व्यावसायिक संस्था', आणि तो लगेच निसटतो. व्यावसायिक गाळा म्हणजे दुकान. व्यावसायिक सिलिंडर म्हणजे हॉटेलातला १९ किलोचा. व्यावसायिक नाटक म्हणजे गडकरी रंगायतनला तिकीट काढून बघायचं ते. व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणजे मात्र इंजिनिअरिंग आणि मेडिकल. 'सोसायटी' तर ठाण्यात नुसती उच्चारली तरी मेंटेनन्स, पाण्याचा टँकर आणि पार्किंगवरून झालेलं भांडण डोळ्यांपुढे येतं.

आपल्याला हवी ती संस्था व्यक्तींची असते. कंपनी नव्हे, माणूस वर्गणी भरतो. त्याबदल्यात मासिक, व्याख्यानं, परिषदा आणि नावापुढे लावायला दोन-चार अक्षरं मिळतात. अभ्यासक्रम कसा असावा आणि सभासदाने कसं वागावं, यावरही ती मत देते. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या हिच्या नसतात. अर्थसंकल्पाआधी दिल्लीत करसवलत मागायला जाते ती १९८८ मध्ये निघालेली कंपन्यांची संघटना, नॅसकॉम. कामावरून काढलेल्यांसाठी पुण्यात हल्ली कामगार आयुक्तांचे उंबरठे झिजवतात त्या कर्मचाऱ्यांच्या संघटना. तिघींची सरमिसळ इतकी होते, की नोकरकपात झाली की 'तुमची ती सोसायटी काय करते?' असा प्रश्न हमखास येतो.

आरंभाची गोष्ट थोडक्यात उरकता येईल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सप्टेंबर १९४७ मध्ये पहिली मोठी संस्था जन्मली, आजची असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी (एसीएम). तिच्या नावात संगणन करणारी यंत्रं होती, ती अजूनही तशीच आहेत. ब्रिटनमधली संस्था, ब्रिटिश कम्प्युटर सोसायटी, १९५७ ची. तिला १९८४ मध्ये राजसनद मिळाली. विजेच्या आणि रेडिओच्या इंजिनिअरांच्या १८८४ आणि १९१२ मधल्या दोन जुन्या संस्था १९६३ मध्ये एक होऊन आयईईई झाली आणि तिच्या पोटात संगणकवाल्यांचं स्वतंत्र दालन वाढलं. पुढे येणाऱ्या परवान्याच्या भांडणात ही विजेवाल्यांची संस्था आणि ती १९४७ ची, या दोघीच महत्त्वाच्या.

आपल्याकडे सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली. यंत्र बनवणारे कमी आणि वापरायला धडपडणारे जास्त. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बांधणीचा संगणक १९६० मध्ये चालू झाला, १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आलं. अशा मोजक्या यंत्रांच्या वापरकर्त्यांचा गट होता, त्यातूनच १९६५ मध्ये भारतीय संस्था, कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया, उभी राहिली. कुलाब्याचा संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला, ते आर. नरसिंहन हेच तिचे पहिले अध्यक्ष. नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात ही संस्था आणि नाक्यावरचं गणेशोत्सव मंडळ एकाच रांगेत. हे कायदेशीर रूप लक्षात ठेवलेलं बरं. वकिलांना १९६१ च्या कायद्याने, सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याने जी परिषद मिळाली, तिला माणसाचा परवाना काढून घेता येतो. धर्मादाय नोंदणीच्या संस्थेला फार तर सभासदाचं नाव वहीतून कमी करता येतं.

त्या काळात संगणक म्हणजे बेकारी असं समीकरण होतं. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी यंत्रांना कडाडून विरोध केला. बँकांत मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार व्हायला सप्टेंबर १९८३ उजाडलं. मधल्या काळात, १९७८ मध्ये, आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने परकीय चलन कायद्यातल्या भागभांडवलाच्या अटीवरून गाशा गुंडाळला. यंत्रं इथे राहिली, विचारायचं कुणाला हा प्रश्न राहिला. एकमेकांना विचारणाऱ्या माणसांची संस्था अशा वेळी कामाची ठरली.

मला जवळून माहीत आहे तो यानंतरचा काळ, साधारण १९८८ पासून पुढचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी कोबोल या भाषेत प्रोग्राम लिहीत असे. परदेशी नियतकालिकं परवडायची नाहीत, पुस्तकं फोर्टातल्या दुकानांत महिनोन्‌महिने वाट बघून मिळायची. संस्थेचं मासिक पोस्टाने एकाकडे येई आणि दहा टेबलं फिरून मूळ मालकाकडे परत जाताना त्याचं मुखपृष्ठ सुटलेलं असे. संध्याकाळचं व्याख्यान दक्षिण मुंबईत. साहेबांच्या हातापाया पडून पाच वाजता सुटायचं, ठाण्याहून व्हीटीची गाडी पकडायची, कुणी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, कुणी डेटाबेसच्या रचनेवर तास-दीड तास बोलायचं. फळ्यावर खडूने. शंका विचारणारे बहुतेक बँकांतले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले असत, आम्ही मागच्या बाकावर वही भरत बसायचो. चहाच्या वेळी खरा बाजार भरायचा : कुठे मिनी संगणक येतोय, कोणाला माणसं हवीत, कोण अमेरिकेला चाललाय. माझी दुसरी नोकरी त्या चहाच्या टेबलावर ठरली. संस्थेच्या घटनेत हे काम कुठेही लिहिलेलं नव्हतं.

वाशी तेव्हा आडबाजूला होती. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली मे १९९२ मध्ये, ठाणे-वाशी थेट गाडी तर २००४ मध्ये. तोपर्यंत ठाण्याच्या माणसाला वाशीचं व्याख्यान चर्चगेटच्या व्याख्यानापेक्षा लांब पडायचं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे कारखाने होते, आज त्यांतल्या कित्येकांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. दुसरीकडे १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि पुढच्या दीड-दोन दशकांत नवी मुंबईत एकेका नोडमध्ये कॉलेज दिसू लागलं. ठाणे स्टेशनजवळ संगणक क्लासेसच्या पाट्यांना तर जागा पुरेना. या क्लासेसच्या गुणवत्तेला काही माप असावं म्हणून केंद्र सरकारने १९९० मध्ये 'ओ', 'ए', 'बी', 'सी' अशा पातळ्यांच्या परीक्षा आणल्या. म्हणजे माप ठरवण्याचं काम सरकारने आपल्याकडे घेतलं, आणि दहा-अकरा वर्षांनी एमएस-सीआयटी गल्लोगल्ली पोचली तेव्हा तर सर्वसामान्य माणसाच्या लेखी संगणकाचं प्रमाणपत्र म्हणजे तेच.

आता मूळ वादाकडे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला परवाना लागावा का?

प्रश्न हवेतून आला नव्हता. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषांमुळे १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा बसली, काही दगावले. जून १९९६ मध्ये एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. कारण, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी संख्या तिला न पुरणाऱ्या जागेत कोंबली गेली होती. १९९३ पासून अमेरिकेतल्या त्या दोन्ही संस्था एकत्र बसून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला रीतसर पेशाचं रूप देत होत्या. संयुक्त आचारसंहिता तयार झाली, या पेशातल्या माणसाला काय काय यायला हवं याचं संकलन सुरू झालं. तेवढ्यात १९९८ मध्ये टेक्सास राज्याने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला परवान्याची शाखा म्हणून मान्यता देऊन टाकली.

आणि १९४७ ची संस्था बिचकली. मे १९९९ मध्ये तिच्या कार्यकारी परिषदेने परवान्याच्या विरोधात ठराव केला : ज्ञान अजून इतकं पक्व नाही, परवान्याने सॉफ्टवेअर सुरक्षित होईल याची खात्री नाही, उलट लोकांना खोटा दिलासा मिळेल. पुढच्या वर्षी ती संयुक्त समितीतूनच बाहेर पडली. विजेवाल्यांची संस्था मात्र चालत राहिली. तिने संकलन पुरं केलं, स्वतःची प्रमाणपत्रं काढली. तिच्या पाठिंब्याने अमेरिकेत परवान्याची परीक्षा प्रत्यक्षात आली २०१३ मध्ये. पाच वेळा झाली, सगळे मिळून ८१ जण बसले, आणि २०१९ मध्ये ती बंद झाली.

विरोधकांना हा आकडा म्हणजे निकाल वाटतो. मला वाटत नाही. जो परवाना नसला तरी नोकरी मिळते, त्याच्या परीक्षेला कोण बसेल? गाडी चालवायला लायसन लागत नसतं तर मर्फीच्या आरटीओत कोण रांग लावणार होतं? 'अजून वेळ आलेली नाही' हे १९९९ मध्ये बरोबर होतं असं धरून चालू. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा चार वर्षांची होती, दर दोन वर्षांनी सगळं बदलत होतं, प्रश्नपत्रिका काढायची कशाच्या जोरावर हा सवाल खराच होता. पण मग वेळ कधी येईल, याकडे पुन्हा कुणी मनापासून वळून पाहिलं नाही. सभासदांतले बहुसंख्य मोठ्या कंपन्यांचे नोकरदार. जबाबदारीची सही त्यांच्या हातात आली असती तर घाईने माल पाठवू पाहणाऱ्या साहेबाला 'नाही' म्हणण्याचं बळही आलं असतं. ते बळ कंपन्यांना नको होतं आणि नोकरदारांना त्याची भीती वाटली, असं माझं मत. मत म्हणूनच घ्यावं.

ठाण्यात बसून हा फरक रोज दिसतो. नौपाड्यातली इमारत ३० वर्षांची झाली की महापालिकेच्या कायद्याप्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्यावर नोंदणीकृत अभियंत्याची सही लागते आणि ती कोणाची हे सेक्रेटरीच्या फायलीत सापडतं. त्याच इमारतीतल्या लोकांच्या ठेवी, रक्तचाचण्यांचे अहवाल ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यावर कुणाची सही? सहीमुळे इमारती पडायच्या थांबतात असं ठाणेकराला सांगायला कुणी धजणार नाही. निदान विचारायचं कुणाला एवढं कळतं.

भारतात तर हा वाद नीट झालाच नाही, कारण इथे सिव्हिल-मेकॅनिकलसकट कुठल्याच इंजिनिअरला देशपातळीवर बांधणारा कायदा नाही. आर्किटेक्टला आहे, १९७२ चा, आणि त्याच्या ३७ व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नसतं. ऐरोलीच्या कुठल्याही आयटी पार्कात दुपारी जेवणाच्या वेळी उभं राहावं : सोल्युशन आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट, क्लाउड आर्किटेक्ट, गळ्यात पट्टा घालून दहा मिनिटांत पन्नास जण जातील. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात अर्थातच विटा-सिमेंट होतं. अलीकडच्या कायद्यांनीही माणसाकडे पाहिलेलं नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात मोठ्या दंडाची तरतूद आहे ती माहिती बाळगणाऱ्या संस्थेसाठी. सायबर सुरक्षा तपासणीसाठी केंद्राची जी मान्यताप्राप्त यादी असते, तीही कंपन्यांचीच. १९४७ च्या संस्थेने २०१८ मध्ये आचारसंहिता नव्याने लिहिली, चांगली लिहिली आहे, भेदभाव करणाऱ्या प्रणालींपासून यंत्रांच्या शिकण्यापर्यंत (मशीन लर्निंग) सगळं त्यात आहे. ती मोडली तर सभासदत्व जाईल. महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्याकडे ते असतं का, हा पुढचा प्रश्न.

सभासद मग आहेत कुठे? कॉलेजांत. नेरूळ, ऐरोली, वाशी, घोडबंदर रोड, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जा. प्रवेशद्वाराशी दोन-तीन संस्थांच्या विद्यार्थी शाखांचे फलक असतात. त्यामागे उत्साह असतोच, पण एक हिशेबही असतो. अभ्यासक्रमांना मानांकन देणारी केंद्रीय यंत्रणा २०१० मध्ये स्वायत्त झाली आणि २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंग पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर कॉलेजांना जो स्वमूल्यमापन अहवाल भरावा लागला त्यात, एकूण १००० गुणांपैकी, व्यावसायिक संस्थांच्या शाखा आणि त्यांचे कार्यक्रम यांना ५ गुण होते. पाच म्हणजे फार नव्हेत, पण सहज मिळणारे. त्यामुळे शाखा निघाल्या, उद्घाटनं झाली, फोटो काढून फायलीला लावले गेले. अशाच एका उद्घाटनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. दीपप्रज्वलनाला वीस मिनिटं, माझ्या भाषणाला पंधरा. नंतर तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, 'सर, मेंबरशिपचा प्लेसमेंटला उपयोग होतो का?' मी चहाच्या टेबलाची गोष्ट सांगितली. तिला ती लिंक्डइनसारखीच वाटली, आणि खरं तर ती तशीच होती.

विद्यार्थ्यांची वर्गणी सवलतीत असते. पदवी मिळाली की सवलत संपते, नूतनीकरणाचा ईमेल येतो, पूर्ण दराचा आकडा बघून बहुतेक जण तो तसाच सोडून देतात. त्या सुमारास पहिला पगार झालेला असतो आणि स्लिपवर पी.टी.चे दोनशे रुपये कापलेले असतात.