रंगाखालचा साबण

पडवीच्या जीआय पत्र्याला आम्ही हौसेने हिरवा ऑइल पेंट दिला होता. आधी रेड ऑक्साइडचा एक हात, वर रंगाचे दोन. दुसरा पावसाळा सरला आणि कोपऱ्यात नख घातलं, तर तळहाताएवढा पोपडा केळीच्या सोपटासारखा सुटून हातात आला. खाली गंज असणार म्हणून वाकून पाहिलं, तर पत्रा धड. तांबूस ठिपकासुद्धा नाही. पोपड्याच्या आतल्या अंगाला मात्र पांढुरकी भुकटी. रंगाऱ्याने उन्हाला दोष दिला, मी रंगाला. दोघांचंही चुकलं होतं.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. जस्त ४१९ अंशांना वितळतं. साधारण ४५० अंशांच्या त्या रसात लोखंड बुडवून काढतात. सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो ना, तोच नवसागर इथेही लागतो; खांब, गेट अशा वस्तू बुडवण्याआधी त्याचा आणि झिंक क्लोराइडचा हात देतात. पण कल्हईचं कथील नुसतं पांघरूण असतं. जस्त त्यापुढे जातं. दोन्ही एकमेकांना चिकटून असले की लोखंडाआधी तेच झिजतं, त्यामुळे ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी आजूबाजूचं जस्त खर्ची पडतं आणि लोखंड वाचतं.

रंगाचं बिनसतं ते जस्ताच्या याच चपळपणामुळे. दमट हवेत जस्तावर झिंक हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि ते अल्कधर्मी असतं. ऑइल पेंटमधला चिकट भाग, म्हणजे अल्किड, वनस्पती तेलापासून केलेला असतो. तेलाला कॉस्टिक सोडा भेटला की साबण होतो, हे घरी साबण करणाऱ्यांना सांगायला नको. इथे सोड्याचं काम जस्त करतं. रंगाचा थर कितीही दाट दिसला तरी त्यातून थोडी ओल झिरपतेच. ती पत्र्याशी पोचली की जस्ताच्या आणि रंगाच्या सांध्यात, कुणाला न दिसता, जस्ताचा साबण बनत राहतो. त्याला पकड नसते. वरचा रंग शाबूत, खालचा पत्रा शाबूत, सुटतो तो मधला जोड. बाजारातलं नेहमीचं रेड ऑक्साइडही अल्किडचंच असतं, त्यामुळे त्या एका हाताने आम्ही काहीच वाचवलं नव्हतं.

जुने रंगारी सांगतात, ‘पत्रा एक-दोन पावसाळे खाऊ दे, मग रंगव.’ त्यात तथ्य आहे. भिजत-वाळत, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत त्या हायड्रॉक्साइडचं हळूहळू झिंक कार्बोनेट होतं. ते करडं, किंचित खरखरीत, पाण्यात न विरघळणारं असतं आणि रंगाला धरून ठेवतं. याला सहा महिन्यांपासून दोन वर्षं लागतात. ओले पत्रे एकावर एक रचून ठेवले तर आत हवा खेळत नाही, कार्बोनेट होत नाही आणि पांढरा भुसभुशीत गंज चढतो. तो नायलॉनच्या ब्रशने घासूनच काढावा लागतो. पण मुरलेल्या पत्र्यावरही ऑइल पेंट थेट लावू नये, आणि समुद्राजवळ असाल तर मिठाचा थर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये.

नव्या पत्र्याची अडचण वेगळी. त्यावर कारखान्यातलं तेल असतं. ते डिटर्जंटने निघालं की नाही हे कळायला पाणी ओतावं: पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब गोळा झाले तर अजून तेलकट. नंतर बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. चांगल्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं. एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. जोर लावला तर ज्यासाठी पैसे मोजले तेच घासून जातं. काही जण व्हिनेगर चोळतात. आम्लाने पृष्ठभाग खरबरीत होतो हे खरं, पण नीट धुतलं नाही तर मागे राहिलेला क्षार रंगाखाली पाणी ओढतो आणि फोड येतात. एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्ल घातलेला पहिला हात, हे त्याचंच शिस्तीतलं रूप. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. तो अगदी पातळच द्यायचा. जाड झाला तर तो थर स्वतःच मधून फाटतो. वर जस्ती पत्र्याला चालतो असं डब्यावर लिहिलेला इपॉक्सी किंवा अॅक्रिलिक रंग.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. साठवणीत पांढरा गंज येऊ नये म्हणून कारखान्यात पत्र्यावर बऱ्याचदा क्रोमेटचा (क्रोमियमच्या क्षाराचा) अदृश्य हात दिलेला असतो, आणि त्यावर प्रायमरही नीट बसत नाही. तो ओळखायला सुपारीबागेत फवारायचं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पुरतं. चिमूटभर पाण्यात विरघळवून, पॉलिश पेपरने न घासलेल्या जागी एक थेंब टाकायचा. जस्त उघडं असेल तर तांबं खाली बसून थेंबाखाली लगेच काळा डाग उमटतो. नाही उमटला, तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडायचा नाही.