चित्रं बघतोय का वाचतोय?

पोरगं तिसरी-चौथीत गेलं की जळगाव-भुसावळकडे घरोघरी एकच डायलॉग, आता चित्रांची पुस्तकं बास, जाड पुस्तक घे! आणि जाड पुस्तकाचं दुसरं पान उलटायच्या आत पोरगं गायब. मधली पायरी, म्हणजे ग्राफिक नॉव्हेल, आपण सरळ गाळूनच टाकतो. सुपरहिरोवाली कॉमिक्स नाही म्हणत मी, तर शाळा, मैत्री, भांडणं, दातांना लावलेली तार असल्या रोजच्या गोष्टींची प्रकरणं पाडलेली अख्खी कादंबरी, फक्त चौकटींमधे काढलेली.

नवीन वाचणाऱ्याची निम्मी ताकद अक्षरं जुळवण्यातच जाते, वर्किंग मेमरी, म्हणजे वाचलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवायची जागा, असते एवढीशी, मग वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मधे मांडलं की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही हां, गुणाकार, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. त्यात आपल्याकडे घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही ओढाताण. तिथे चित्रातल्या पात्राचा चेहरा, हातवारे, मागचं दृश्य यावरून अनोळखी शब्दाचा अंदाज येतो.

मग डोकं कुठे चालतं, सगळं तर आयतं दिसतंय? चालतं ते दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत. एका चौकटीत पोरगी मैत्रिणींमधे डबा उघडतेय, पुढच्या चौकटीत ती एकटीच झाडाखाली बसलीय, मधे काय झालं ते कोणी लिहिलेलंच नाही, ते वाचणाऱ्यानेच जुळवायचं, आणि जाड कादंबरीत नेमकं हेच लागतं.

शब्दही काही बाळबोध नसतात. हेज आणि अहरेन्स या संशोधकांच्या 1988 च्या मोजणीत क्वचित भेटणारे शब्द मुलांच्या पुस्तकांत हजारी साधारण 31 निघाले, कॉमिक्समधे 53 च्या वर! (ती मोजणी इंग्रजीची आहे, मराठीला तोच आकडा चिकटवू नका.)

काही गोष्टी तर चित्राशिवाय जमतच नाहीत. सीसी बेल यांच्या 2014 च्या 'एल डेफो' या ग्राफिक नॉव्हेलमधे कमी ऐकू येणाऱ्या मुलीच्या कानाच्या मशीनची बॅटरी उतरली की बोलण्याच्या फुग्यातली अक्षरंच फिकी होत जातात, म्हणजे तिला कसं ऐकू येतं ते आपल्याला दिसतं. लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणाची गोष्ट आहे ती, आणि पात्रं मात्र सगळी ससे, तरी कुठे खोटी वाटत नाही.

मराठीत असली पुस्तकं कमीच सापडतात, पण जे मिळेल ते घेऊन पोराशेजारी बसा, दोन चौकटींच्या मधे बोट ठेवा आणि विचारा, 'आठे काय व्हयनं व्हई?' (इथे काय झालं असेल?) उत्तर अहिराणीत आलं तर येऊ द्या.