अपडेट आत्ता टाकावं की थांबावं? या प्रश्नाची पार्श्वभूमी

सप्टेंबर आला की आयफोनवाल्यांमध्ये एकच चौकशी सुरू होते: ‘नवीन अपडेट टाकलंस का? बॅटरी किती उतरतेय?’ टाकणारा थोडा पस्तावलेला असतो, न टाकणारा थोडा धास्तावलेला. दोघांनाही घाबरट किंवा अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. सुरक्षेची दुरुस्ती हवी असेल तर सोबत नवं रूप आणि नव्या सोयीही घ्या, आणि एकदा घेतलं की परत फिरता येणार नाही, असं सगळं एकाच गाठोड्यात बांधणारी ही व्यवस्था गेल्या पंधरा-सतरा वर्षांत कंपन्यांनीच उभी केली आहे.

2007 मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा अपडेट म्हणजे फोन केबलने संगणकाला जोडून आयट्यून्स हा कंपनीचा प्रोग्राम उघडून बसायचं काम होतं. आयपॉड टच वापरणाऱ्यांना तर 2008 च्या मोठ्या अपडेटसाठी 9.95 डॉलर मोजावे लागले. पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस आपोआप चार जणांना विचारून घेतो. 2010 मध्ये आयओएस 4 (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी मूळ प्रणाली) सगळ्यांना फुकट मिळालं आणि त्याच वर्षी पहिली मोठी ओरड झाली. दोन वर्षं जुन्या आयफोन 3जी वर ते टाकल्यावर फोन इतका रेंगाळू लागला की कीबोर्ड उघडायलाही वेळ लागे. काही महिन्यांनी 4.1 ने त्रास थोडा कमी केला. ‘अपडेट देऊन जुने फोन मुद्दाम संथ करतात’ हा समज तेव्हापासून रुजला. पुढे त्याला खतपाणी कसं मिळालं ते ओघात येईलच.

2011 मध्ये आयओएस 5 पासून केबल सुटली आणि अपडेट वायफायवरून येऊ लागलं. निर्णय एका बोटावर आला. पुढच्याच वर्षी त्या बोटाची किंमत कळली. आयओएस 6 ने गूगलचे नकाशे काढून अ‍ॅपलचे स्वतःचे नकाशे बसवले. त्यांत गावं चुकीच्या जागी होती आणि पूल वितळल्यासारखे दिसत होते. तेव्हा कंपनीचे प्रमुख असलेल्या टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली आणि तोवर दुसऱ्या कंपन्यांचे नकाशे वापरा, असंही सुचवलं. गूगलचं वेगळं अ‍ॅप डिसेंबरमध्ये आलं. मधल्या काळात जुने नकाशे हवे असलेल्याला जुन्या आवृत्तीवर जाण्याचा सरळ रस्ता नव्हता.

तो का नव्हता, हे समजून घेण्यासारखं आहे. 2009 च्या आयफोन 3जीएस पासून कोणतीही आवृत्ती बसवताना फोन अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे परवानगी मागतो. नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत कंपनी जुनीला परवानगी देणं थांबवते. यामागे सुरक्षेचं खरं कारण आहे: सदोष जुनी आवृत्ती पुन्हा बसवून कोणाला फोनमध्ये घुसता येऊ नये. कंपनीने फोनवर घातलेली बंधनांची कुलपं तोडणाऱ्या हौशी मंडळींना आवर घालणं हाही हेतू होताच. सामान्य ग्राहकाला मात्र यातलं काहीच माहीत नसतं. त्याला कळतं ते एवढंच, की परतीची खिडकी फार थोडे दिवस उघडी असते.

‘मी आठवडाभर थांबतो’ म्हणणाऱ्यांचा हक्काचा दाखला 2014 चा. आयओएस 8 हे 17 सप्टेंबरला आलं आणि लगेच जागेचा घोळ झाला. थेट फोनवर ते उतरवायला साधारण पाच जीबी मोकळी जागा लागत होती, आणि तेव्हा कितीतरी जणांचा फोन 16 जीबीचा. लोक अपडेटसाठी लग्नाचे व्हिडिओ काढून टाकायला बसले. (फोन संगणकाला जोडला असता तर बरीच कमी जागा पुरली असती, पण हे सांगायला कोण होतं?) मग 24 सप्टेंबरला किरकोळ दोष काढणारं 8.0.1 आलं. ते ज्यांनी तत्परतेने टाकलं, त्यांच्या नव्याकोऱ्या आयफोन 6 आणि 6 प्लसवरचं नेटवर्क गेलं. वरच्या पट्टीत ‘नो सर्व्हिस’, आणि बोटाचा ठसाही फोन ओळखेना. म्हणजे फोन करता येत नाही, तर तक्रार करायची कुठून? सुमारे तासाभरात अ‍ॅपलने अपडेट मागे घेतलं, आयट्यून्समधून आयओएस 8 पुन्हा कसं बसवायचं ते कळवलं आणि दुसऱ्या दिवशी 8.0.2 दिलं. कंपनीच्या सांगण्यानुसार 40,000 पेक्षा कमी फोन बाधित झाले. आकडा लहानच, पण दोष काढायला आलेल्या अपडेटनेच फोन मुका केला, ही गोष्ट जगभर पसरली. भारतात तो फोन ऑक्टोबरमध्ये विक्रीला आला, त्यामुळे इथले ग्राहक वाचले.

तरीही 8.0.1 ही चूक होती; कोणीही ती मुद्दाम केली नव्हती. विश्वासाला खरा तडा गेला तो 2017 मध्ये. आयफोन 6 आणि 6एस मध्येच बंद पडत होते, कारण थकलेली बॅटरी प्रोसेसरला ऐनवेळी लागणारी वीज पुरवू शकत नव्हती. जानेवारीत आलेल्या 10.2.1 ने यावर उपाय केला: बॅटरी कमजोर असेल तर प्रोसेसरचा वेगच आवरायचा. बंद पडण्याचं प्रमाण घटल्याचं कंपनीने सांगितलं. वेग कमी केल्याचं सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की बॅटरी बदलल्यावर फोन पुन्हा धावू लागतो. फोनचा वेग मोजणारी गीकबेंच ही चाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी हजारो फोनचे आकडे मांडले आणि वेग पायरीपायरीने कमी केल्याचं उघडं पडलं. अ‍ॅपलने कबुली दिली, माफी मागितली, 79 डॉलरची बॅटरी 29 डॉलरला देऊ केली आणि 2018 मध्ये 11.3 पासून बॅटरीची तब्येत दाखवणारं पान सेटिंग्जमध्ये आणलं.

इथे न्यायाने बोलायचं तर उपाय तांत्रिकदृष्ट्या रास्त होता. मध्येच बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा फोन बरा. न सांगता केलं, हा दोष. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला तो नेमका त्यावरच: वेग कमी होऊ शकतो हे ग्राहकाला सांगितलं नाही आणि जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोयही ठेवली नाही. त्याआधी 2018 मध्ये इटलीने अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला होता. नोट 4 च्या ग्राहकांना त्या फोनला न झेपणारं अपडेट घ्यायला लावलं, असा सॅमसंगवर ठपका होता.

अँड्रॉइडची कहाणी उलटी. तिथे वर्षानुवर्षं तक्रार होती की अपडेट येतच नाही. गूगल तयार करणार, चिप बनवणारा जुळवणार, फोन कंपनी आपला साज चढवणार, काही देशांत मोबाइल ऑपरेटर तपासणार. तोवर फोन जुना. जुलै 2015 मध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष उघड झाला. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने फोनमध्ये शिरता येईल असा तो दोष होता. त्या धक्क्यानंतर ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या सुरू केल्या, आणि सेटिंग्जमध्ये आवृत्तीपासून वेगळी अशी सिक्युरिटी पॅचची (शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची) तारीख दिसू लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ग्राहकाच्या सर्वांत उपयोगाची घटना हीच. गाठोडं पहिल्यांदा सोडलं गेलं: रूप बदलायचं नसेल, तरी दाराची कडी दुरुस्त करून घेता येते. स्वस्त फोनवर ही तारीख कित्येक महिने जागची हलत नाही, हा भाग वेगळा.

सुरक्षेची छोटी अपडेट्स बिनघोर टाकावीत, असंही सरसकट म्हणता येत नाही. जुलै 2023 मध्ये अ‍ॅपलने घाईच्या दुरुस्त्यांसाठीच्या वेगळ्या वाटेने 16.5.1 (ए) पाठवलं. आवृत्तीच्या नावातल्या त्या कंसामुळे काही संकेतस्थळांना ब्राउझर ओळखता येईना, आणि ते मागे घ्यावं लागलं. दोनच दिवसांत सुधारलेलं (सी) आलं.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर, आपल्या ‘ज्ञा’चंच तेलुगू रूप, मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची अ‍ॅप्स कोसळत. तिथे थांबून राहणाऱ्याचंच नुकसान होतं, 11.2.6 टाकल्यावर त्रास मिटला. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात 5जी सुरू झालं, मुंबई आणि नागपूर एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत होते. आयफोन 12 किंवा त्यानंतरचा फोन असलेल्या नागपूरकराकडे 5जीचा फोन होता, डोक्यावर 5जीचा सिग्नल होता, आणि तरी तो 4जीवरच, कारण फोनमधलं 5जी सुरू करणारं अपडेटच आलं नव्हतं. डिसेंबरच्या मध्यात 16.2 आलं तेव्हा गाडी पुढे सरकली. जानेवारी 2025 मध्ये मात्र सूर उलटा लागला. आयओएस 18 नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस पाठवल्याचं केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं.

अ‍ॅपलने स्वतः गाठोडं सोडलं ते अर्धवट. 2021 मध्ये आयओएस 15 आणताना कंपनीने म्हटलं, हवं तर 14 वरच राहा, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. जानेवारी 2022 मध्ये ती सोय बंद झाली. ती तात्पुरतीच होती, असं स्पष्टीकरण आलं. 15 सप्टेंबर 2025 ला काचेसारख्या नव्या रूपाचं आयओएस 26 आलं, त्याच दिवशी जुन्या रूपावर राहणाऱ्यांसाठी 18.7 ही निघालं. आता सॅमसंग आणि गूगल महागड्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन देतात. ज्या फोनचा प्रश्न पूर्वी दोन वर्षांत निकाली निघायचा, त्याच्या मालकाला आता तो सात वेळा पडणार.