‘प्रीपोन’ खोडणाऱ्यांसाठी

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर गेल्या आठवड्यात सूचना लागली : मीटिंग ‘प्रीपोन’ केली आहे (म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेतली आहे), पार्किंगबद्दल ‘डिस्कस अबाउट’ करायचे आहे. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ‘प्रीपोन’वर लाल काट मारून खाली लिहिलं, ‘असा शब्द इंग्रजीत नाही!’ पुणंच ते.

शाळेपासून हेच ऐकत आलोय की ‘प्रीपोन’ हा आपल्याकडच्या लोकांनी पाडलेला खोटा शब्द. तसं नाही. ‘पोस्टपोन’ आलाय लॅटिनमधून : ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याच चालीवर ‘प्रीपोन’. 1913 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलेल्या एका पत्रात तो याच अर्थाने सुचवलेला आहे. ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पुढे तो रुळला मात्र भारतातच; त्यामुळे लंडनच्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ बरं.

गंमत म्हणजे खरी चूक लाल पेनातून सुटली. ‘डिस्कस’मध्येच ‘-विषयी बोलणे’ आलं, त्याला ‘अबाउट’चं शेपूट लागत नाही. ‘डिस्कशन’ला मात्र चालतं. मी खाली पेन्सिलीनं तेवढं लिहून आलो.