वरचे दहा मीटर

कानात पहिली कळ आली तेव्हा मी जेमतेम दीड मीटर खाली होते. बोटीची शिडी अजून हाताशी होती. खाली निळंशार, कोमट पाणी, प्रवाळांवर सांडलेलं ऊन, आणि मी मात्र दोरी घट्ट धरून लटकलेली.

अकरा वर्षांपूर्वी मी काही स्कूबा डायव्ह, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून मारायच्या बुड्या, केल्या होत्या. त्या सगळ्या सुट्टीतल्या हौसेच्या. इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून ठेवायचा, हवा भरून तरंगायच्या जॅकेटची बटणं तोच दाबायचा आणि मी मासे बघायचे. या वेळी मात्र रीतसर शिकून ओपन वॉटरचं कार्ड घ्यायचं ठरवूनच आले होते. धास्ती होती ती अठरा मीटरची, कारण या पहिल्या पातळीच्या कार्डावर साधारण तेवढ्या खोलीची मुभा मिळते. प्रत्यक्षात माझं जे काही अडलं ते वरच्या दहा मीटरांतच. रात्री कागदावर हिशेब मांडला, तेव्हा कळलं की ते तिथेच अडायचं होतं.

हिशेब असा. पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. पृष्ठभागावर सहा लिटरचा फुगा घेऊन उतरलात तर दहा मीटरवर तो तीन लिटरचा होईल, वीसवर दोनचा, तीसवर दीडचा. पहिल्या दहा मीटरांत तीन लिटर गेले, पुढच्या दहांत एक, त्यापुढच्या दहांत अर्धा. पाण्याचा दाब एकसारखा वाढत जातो, पण हवेची खरी उलथापालथ वरच होते.

शरीराचा बहुतेक भाग पाण्याचाच असल्यामुळे तो या दाबाने चेपला जात नाही. प्रश्न असतो तो हवेच्या पोकळ्यांचा, म्हणजे कान, सायनस आणि फुप्फुसांचा. पडद्यामागच्या मध्यकर्णातून घशाकडे एक बारीक नळी जाते. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना पडदा आत ढकलला जाऊ लागतो, म्हणून नाक चिमटीत धरून हळूच हवा रेटायची आणि नळी उघडायची. आंतोनियो व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली ही युक्ती लिहून ठेवली. मध्यकर्णातला पू बाहेर काढायला ती उपयोगी पडेल, असं त्याला वाटत होतं.

माझी चूक एवढीच, की मी कळ येण्याची वाट पाहिली. कान मोकळे न करता सव्वा मीटरच्या आसपास गेलं, की बाहेरच्या दाबाने ती नळी इतकी घट्ट मिटू शकते की मग कितीही जोर लावा, दडे सुटत नाहीत. उलट त्या जोराने आतल्या कानाला इजा होऊ शकते. उपाय म्हणजे अर्धा-एक मीटर वर यायचं, दडे सुटू द्यायचे आणि मग दुखायच्या आधीच, दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करत उतरायचं. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नये. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच ओसरला, तर वर येताना फुगणारी हवा कानात अडकून बसते.

योगायोग असा, की फुप्फुसांसाठीही धोक्याची खोली जवळपास तेवढीच, सव्वा मीटरची आहे. नुसता श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची हवा वरून नेलेली असते. ती खाली आक्रसते आणि वर आल्यावर मूळ मापावर येते. स्कूबात तसं नसतं. टाकीला जोडलेला, तोंडात धरायचा रेग्युलेटर आपल्याला भोवतालच्या दाबाची हवा देतो. दहा मीटरवर भरून घेतलेला पाच लिटरचा श्वास तसाच कोंडून कोणी वर आलं, तर त्या हवेला दहा लिटर जागा लागेल. फुप्फुसं तेवढी ताणत नाहीत, ती फाटतात. भरल्या छातीने श्वास धरून सव्वा मीटर वर येणंही त्याला पुरू शकतं. म्हणून तर पहिल्या तासाला पहिलं वाक्य हेच शिकवतात, की श्वास कधीही रोखायचा नाही.

ऐकायला सोपं आहे. पण मास्क काढायचा धडा आला तेव्हा मला ते जमेना. उथळ, छातीभर पाण्यात गुडघ्यांवर बसायचं, मास्क काढायचा आणि फक्त तोंडाने श्वास घेत राहायचं. नाकपुड्यांना पाणी लागलं आणि माझा श्वास जागीच थांबला. हवा तोंडाशी होती, छाती घ्यायला तयार नव्हती. चेहऱ्याला, विशेषतः नाकाला पाणी लागलं की श्वास अडवायचा, ही शरीराची जन्मजात प्रतिक्रिया आहे. एरवी ती आपल्याला वाचवते, इथे मात्र ती घात करेल. दोनदा मी तडक उभी राहिले. तिसऱ्यांदा इन्स्ट्रक्टरने माझा हात धरला आणि माझ्या श्वासाच्या लयीत आपलं बोट वर-खाली हलवत राहिला. बाहेर सोडा, आणखी सोडा. लांब उच्छ्वास सुरू झाला तसा पुढचा श्वास आपोआप आत आला. अख्खा मिनिट मी आंधळ्यासारखी तिथे बसले होते, बुडबुड्यांचा आवाज ऐकत. माझ्या मते सगळ्या कोर्सचं सार या एका मिनिटात आहे. कार्डाला मुदत नसते, पण ही सवय मात्र विरते. म्हणूनच वर्ष-दोन वर्षांच्या खंडानंतर, कार्ड असलेल्यानेही आधी उथळ पाण्यात उजळणी करावी.

तरंगण्याचं गणितही वरच बिघडतं. टाकीतली हवा वापरली जाते तशी ती दोन-अडीच किलोंनी हलकी होते. शिवाय पाच मीटरच्या वर जॅकेटमधली हवा आणि सूटच्या रबरातले बारीक बुडबुडे भराभर फुगतात. आपण थोडं वर जातो, हवा फुगते, म्हणून आणखी वर जातो. वेळीच हवा सोडली नाही तर बुचासारखं वर फेकलं जायला काही सेकंद पुरतात.

आणि घाईने वर येणं का वाईट, याचा पहिला धागाही बॉइलच्याच हाती लागला होता. निर्वात पंपाखाली ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात इकडून तिकडे फिरणारा बुडबुडा दिसल्याचं त्याने १६७० साली नोंदवलं. दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरला की असाच बुडबुडे होऊन बाहेर पडतो. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन हा ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की महत्त्व आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकाला नसून त्यांच्या गुणोत्तराला आहे. ज्या बकऱ्यांना त्रास होई त्या पाय उचलून धरत, त्यावरून ते कळे. बुडी मारणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते त्यातून तयार झाले. खोली आणि वेळ मोजून वर यायचा हिशेब सांगणारे आजचे डायव्ह कॉम्प्युटर त्याहून काटेकोर आहेत, पण मूळ विचार तोच.

सुट्टीत शिकणाऱ्यांनी हे गुणोत्तर विमानापर्यंत लक्षात ठेवावं. विमानाच्या केबिनमध्ये साधारण पाऊण वातावरण एवढाच दाब असू शकतो. त्यामुळे एकाच डायव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक दिवसांच्या डायव्हनंतर किमान अठरा तास उड्डाण टाळायला सांगतात. तीन दिवसांत कोर्स उरकून चौथ्या पहाटे विमान, हा बेत मला मुळीच पटत नाही. थिअरी घरी करून यावी, आरोग्याचा फॉर्म खरा भरावा, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावं, आणि एक रिकामा दिवस कानांसाठी राखावा. पहिल्या दिवशी सुजलेला माझा कान तिसऱ्या दिवशी ताळ्यावर आला. घाईचा बेत असता तर कार्ड राहिलं असतं, नाहीतर कानाचा पडदा तरी गेला असता.

शेवटच्या डायव्हला आम्ही अठरा मीटरवर गेलो. तिथे कासव दिसलं, लाल प्रवाळ करडं दिसलं, आणि एकूण सगळं शांत पार पडलं. परतताना पाच मीटरवर थांबलो. तीन मिनिटं. दोरी न धरता, फक्त श्वासावर मी एका जागी तरंगत होते. वीसेक मीटरवरून वर येणाऱ्या दुसऱ्या एका जोडीचे बुडबुडे माझ्या शेजारून चालले होते. खाली ते बोराएवढे दिसत होते, माझ्यापाशी लिंबाएवढे झाले, आणि डोक्यावर जाऊन बशीसारखे पसरून फुटत होते. कॉम्प्युटरवरचा आकडा शून्यावर आला. इन्स्ट्रक्टरने अंगठा वर केला. मी जॅकेटमधली उरलीसुरली हवा सोडली, आणि शेवटचे पाच मीटर चढायला अख्खा मिनिट घेतला.